कोळंबीच्या शेडमधलं गाऱ्हाणं

नोकरीच्या मुलाखतीत मला पहिलाच प्रश्न आला तो असा : "कोळंबी सोलता येते?"

मी खुर्चीत ताठ झाले. हातात बी.ए.ची गुणपत्रिका होती, खाऱ्या हवेनं खराब होऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आजोबा होडीवर, वडील होडीवर, आई कोळंबीच्या शेडमध्ये. त्या शेडच्या वासातून सुटायचं म्हणून तर मी भाट्याच्या पुलावरून रोज कॉलेज गाठलं होतं. आणि समोर बसलेला पांढऱ्या झग्यातला माणूस मला कोळंबीचं विचारत होता.

"येते," मी म्हटलं. "पण मी बी.ए. आहे. इतिहास घेऊन."

"अभिनंदन," ते म्हणाले आणि गुणपत्रिका दोन्ही हातांनी मला परत दिली. "मला सोलता येत नाही. शिकवाल?"

हे फादर इनास. मूळचे वसईचे. घरात मराठीच बोलणारे, फक्त हेल वेगळा. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांनी कामगारांसाठी केंद्र चालवलं होतं. बाहेर पाटी होती, पण ती कोणी वाचत नसे. सगळे म्हणायचे 'फादरांची खोली'. फादर आता निवृत्त होऊन वसईला असतात आणि खोली मी बघते. लोक अजूनही फादरांची खोलीच म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मला नेहमी विचारतात, तुम्ही नेमकं करता काय? युनियन आहे का? नाही. धर्माचं काम आहे का? तेही नाही. मी हिंदू घरातली. सुरुवातीला वाडीत कुजबुज झाली की सुलभा आता बाटणार. आई एकदा सरळ फादरांनाच विचारून आली. फादर म्हणाले, "आई, तिला चर्चचा पंखा पुसायला सांगितला तर ती मी बी.ए. आहे म्हणते. तिला कोण बाटवणार?" त्या दिवसापासून आईची काळजी मिटली आणि पंखा मी पुसायला लागले.

आमचं काम म्हणजे सोबत. आपल्या जिल्ह्यात राबणारी माणसं बरीचशी बाहेरून आलेली. ट्रॉलरवर नेपाळी खलाशी, चिऱ्याच्या खाणींवर कर्नाटकातली कुटुंबं, आंब्याच्या बागांना राखणीला पुन्हा नेपाळी. आणि इथल्या बायका मासळीच्या शेडमध्ये. यांच्यापैकी कोणाला सरकारी दवाखान्यात जायचं असतं, कोणाला पोलीस ठाण्यात, कोणाला मुलाचं नाव शाळेत घालायचं असतं. एकट्यानं गेलं की बाकड्यावर बसवून ठेवतात. बरोबर एक शिकलेलं माणूस असलं की तोच साहेब मान वर करून बघतो. हे बरं आहे असं नाही, पण आहे. फादर म्हणायचे, "आपण बोलायचं नाही. बोलायचं त्यांनीच. आपण फक्त शेजारी उभं राहायचं." मला हे फार जड जायचं. मला बोलायला आवडतं.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. मंडणगडकडचे एक गृहस्थ दर गुरुवारी यायचे आणि आपल्या मुकादमाला मनसोक्त शिव्या द्यायचे. मी अर्ज करू या म्हटलं की घाबरायचे, "छे छे, अर्ज कशाला? मेव्हणा आहे माझा." मी वैतागले, तर फादर म्हणाले, "त्यांना न्याय नकोय, कान हवाय. तेवढा आपल्याकडे आहे ना?" नाटे बंदरात होडीवर असलेला एक नेपाळी खलाशी तर बायकोशी फोनवर भांडण झालं की फोन फादरांच्या हातात द्यायचा. फादरांना नेपाळी येत नसे. ते नुसतं "हो, हो, बरोबर" म्हणत राहायचे. मला वाटतं तो संसार त्यावरच टिकला.

पण मला सांगायचंय ते शेवंतीआक्काबद्दल.

त्याआधी कोळंबीचं काम सांगते, कारण ती खाणारे पुष्कळ आणि सोललेली बघणारे थोडे. होडी लागली की कोळंबी बर्फात घालून शेडवर येते. लांब टेबलांभोवती बायका उभ्या राहतात. डोकं मोडायचं, कवच काढायचं, पाठीतला काळा धागा ओढायचा, आणि माल बर्फाच्या पाण्यात सोडायचा. माल गार राहिला पाहिजे म्हणजे हातही गारच. मधूनमधून जंतू मारायच्या औषधाच्या पाण्यात बोटं बुडवायची, कारण माल परदेशी जातो. थोड्या वेळानं बोटं आपली राहत नाहीत. कवचाची टोकं टोचलेली कळत नाही, ते घरी आल्यावर चुलीजवळ कळतं. आमच्या घरी संध्याकाळी आई खोबरेल तेलात हळद कालवून बसायची. मला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्याच आयांची बोटं पिवळी असतात.

शेवंतीआक्का आमच्या शेजारची, आईबरोबर त्याच शेडमध्ये कामाला. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तोंडानं फटकळ. मला कॉलेजला जाताना बघून म्हणायची, "जा बाय, शिक. मग आमाला इंग्रजीत शिव्या दे."

रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं ते मी फादरांकडे कामाला लागले त्याच सुमाराला. अंगठा काचेवर ठेवायचा, मशीननं ओळखलं की धान्य. आक्कानं अंगठा ठेवला. मशीननं नाही म्हटलं. पुसून ठेवला, तेल लावून ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला. नाही. बर्फानं आणि औषधाच्या पाण्यानं तिच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. अंगठा कसा, तर कोकमाच्या बीसारखा गुळगुळीत. दुकानदार माणूस वाईट नव्हता. पहिल्या महिन्याला त्यानं कसंतरी निभावून नेलं. पुढं म्हणाला, "आक्का, मी ओळखतो गो तुला, पण मशीन म्हणतंय तू शेवंती नाहीस."

बाकीच्या बायकांचं घरातल्या कोणाच्या तरी अंगठ्यावर भागायचं. आईच्या जागी मी जायचे. आक्काच्या कार्डावर ती एकटीच. तिला आधार केंद्रावर नेऊन बोटांची नव्यानं नोंद करायचा प्रयत्न केला, तर तिथलंही मशीन तेच म्हणालं. परतताना रिक्षात ती गप्प होती. आक्का गप्प बसणं म्हणजे काहीतरी मोठं झालं असं समजायचं.

"काम थोडे दिवस बंद ठेवा," फादर म्हणाले. "रेषा परत येतात असं डॉक्टर म्हणतात."

"आनि खाव काय, रेषा?" आक्का म्हणाली.

म्हणजे कामावर जावं तर रेशन नाही, आणि रेशनसाठी काम सोडावं तर चूल बंद. उपाय अवघड नव्हता. टेबलाशेजारी ऊन पाण्याचं घमेलं, मधूनमधून हात शेकायला. हातमोजे. आणि आळीपाळीनं थोडे दिवस सोलायचं काम सोडून माल निवडायचं काम, जिथं हात कोरडे राहतात. पण हे शेडमालकाला सांगायचं कोणी? हाताला जखम दिसली की सुपरवायझर त्या बाईला घरी पाठवायचा, मालाला लागू नये म्हणून. त्यामुळे बायका बोटं लपवायच्या. दुखतंय म्हणून सांगणं म्हणजे आपल्या हातानं आपलं काम घालवणं.

फादरांनी आधी आपल्या पद्धतीनं करून पाहिलं. मुंबईहून रबरी हातमोज्यांचं खोकं मागवलं. बायकांनी कौतुकानं घेतले. मोजे ढगळ, त्यात कोळंबी निसटायची. आठवडाभरानं फादर आमच्या घरी आले तर आई ते घालून भांडी घासत होती. "लई चांगले हायत," ती म्हणाली. फादर बिचारे हसले.

मग त्यांनी चर्चच्या हॉलमध्ये बैठक घेतली. शेडमालक बाबाशेठ आले. बाबाशेठ इथलेच, आमच्याच समाजातले, बापाच्या एका होडीवरून वर आलेले. लग्नाकार्याला साडी देणारे, कोणी आजारी पडलं की गाडी पाठवणारे. माणूस मोकळा, पण आपल्या शेडमध्ये दुसऱ्यानं बोललेलं न चालणारा. मांडलेल्या खुर्च्यांवर फादर, बाबाशेठ आणि मी. बायका सगळ्या खाली सतरंजीवर, पदराखाली हात घेऊन.

"बोला," बाबाशेठ म्हणाले. "कोनाला काय तरास हाय?"

कोणी बोललं नाही. पंखा तेवढा फिरत होता.

"शेवंते, तुला?"

"नाय शेठ. माजा काय नाय."

"बघा फादर," बाबाशेठ उठले. "तुमची प्रार्थना तुमी बघा, माजी शेड मी बघतो."

ते गेल्यावर मी बायकांवर चिडले. आईवर तर फारच. "एवढी संधी होती आणि तुम्ही मिठाची गुळणी धरून बसलात!" आई म्हणाली, "सुलू, ज्यानं तुज्या बापाला दवाखान्यात नेलान, त्येच्या तोंडावर कसा बोलू?" फादरांनी खुर्च्या एकीत एक घालून भिंतीला लावल्या आणि म्हणाले, "चूक माझी. मी त्यांना माझ्यासारखं बोलायला लावलं. त्या बोलतात कशा, हे मला माहीतच नाही."

ते कळलं शिमग्यात. आमच्या वाडीत ग्रामदेवाची पालखी आली तेव्हा मी फादरांना घरी जेवायला बोलावलं होतं. पालखी अंगणात टेकली आणि तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. तात्या म्हणजे बाबाशेठच्या शेडचे रखवालदार, आणि वाडीत गाऱ्हाण्याचा मान त्यांचा. परगावच्या वाचकांसाठी सांगते : एक जण देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला सगळे मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्यात कोणाच्या घरचं आजारपण येतं, कोणाचं अडलेलं लग्न येतं, भावाभावांतला बांधाचा तंटाही येतो. ज्याच्याबद्दल तक्रार असते तोही तिथंच हात जोडून उभा असतो. त्याचं नाव घेऊन भांडायचं नाही, देवाला सांगायचं. त्यानं फक्त ऐकायचं आणि सगळ्यांबरोबर हो म्हणायचं.

फादर डोळे मोठे करून बघत होते. तिखट खायला आवडणारा माणूस, पण ताटाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "सुलभा," ते म्हणाले, "आमच्याकडेही असंच असतं. एक जण विनंती म्हणतो, बाकीचे उत्तर देतात." मग माझ्याकडे वळून, "शेडमध्ये तात्या कधी गाऱ्हाणं घालतात का?"

घालायचे. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून नवा हंगाम सुरू होताना बाबाशेठ शेडमध्ये नारळ ठेवतात आणि तात्या गाऱ्हाणं घालतात. दर वर्षी.

मी तात्यांकडे गेले. "नाय गो, पोरी," ते म्हणाले. "शेठचा मीठ खातंय." फादर स्वतः जाऊन त्यांच्या पायरीवर बसले. त्यांनी एकच गोष्ट सांगितली : "शेठबद्दल वाईट एक शब्द नको. त्यांच्यासाठी आधी मागा, मग बायकांसाठी." तात्यांनी विडी पायरीवर विझवली. शेवटी म्हणाले, "बघतंय." बायकांना आम्ही काही सांगितलं नाही. फक्त शेवंतीआक्काला ठाऊक होतं, कारण तिच्यापासून वाडीत काही लपत नाही.

नारळाच्या दिवशी शेड धुऊन काढली होती. देवाच्या तसबिरीला झेंडूचा हार, टेबलं भिंतीला लावलेली. फादरांना बाबाशेठनी रीतीनं बोलावलं होतं. माणूस रागावला तरी आमंत्रण विसरणारा नव्हता. बाबाशेठ टोपी घालून पुढे, मागे सुपरवायझर, मग आम्ही सगळे.

"बा देवा म्हाराजा!" तात्यांनी सुरू केलं. "आज ह्यो जो नारळ तुज्याम्होरं ठेवलाय, तो गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"होड्यांना म्हावरा मिळू दे, दर्यावर गेलेल्या लेकरांना सुखरूप घरी आन!"

"व्हय म्हाराजा!"

"शेठच्या धंद्याला बरकत दे!"

"व्हय म्हाराजा!"

आता, मी मनात म्हटलं. तात्यांनी आमच्याकडे बघितलं, शेठकडे बघितलं, घसा खाकरला. आणि म्हणाले, "काय चुकला-माकला आसल तर पदरात घे रे म्हाराजा!" म्हणजे संपलं. बाबाशेठ नारळ उचलायला वाकले. मला बोलायला आवडतं म्हणून मगाशी लिहिलंच आहे. माझं तोंड उघडलंही होतं. फादरांनी माझा हात धरला आणि मान हलवली.

"थांब तात्या. ऱ्हायलाय अजून."

शेवंतीआक्का होती. बाईनं गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही. बाबाशेठ नारळ हातात घेऊन तसेच वाकलेले. आक्कानं डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले, आणि पहिल्यांदाच ती बोटं सगळ्यांसमोर आली.

"बा देवा म्हाराजा, तात्या इसारला ता मी सांगतंय. आमच्या शेठला उदंड आयुष्य दे!"

सवयीनं आवाज उठला, "व्हय म्हाराजा!"

"त्येच्या शेडवर तुज्या लेकी राबतत. त्येंची बोटां बर्फान खाल्ली रे म्हाराजा!"

आवाज थोडा कमी आला. मग माझ्या आईचा आला, एकटीचा, "व्हय म्हाराजा!" आणि मागून सगळ्यांचा.

"तू काढलेल्या रेषा पुसल्या. मशीन बोलता ही शेवंती न्हवं. मी शेवंती न्हवं तर कोन रे म्हाराजा?"

याला हो कसं म्हणायचं? आक्काही थांबली. मला वाटलं, आता रडेल. पण तिनं आवाज चढवला.

"शेठच्या ध्येनात येऊ दे! टेबलाजवळ ऊन पानी येऊ दे! हाताला आळीपाळीन इसावा मिळू दे! आनि सांगितला म्हनून कोनाचा काम जाऊ नको दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पत्र्याचं छप्पर दणाणलं. त्यात सगळ्यात मोठा आवाज वसईच्या हेलाचा होता. आणि आई शपथेवर सांगते, ती पुढच्या रांगेत कडेला होती, की शेवटच्या म्हाराजाला बाबाशेठचेही ओठ हलले. देवासमोर हातात नारळ घेऊन उभा असलेला माणूस दुसरं काय करणार?

नारळ फुटला. बाबाशेठ एकेकीच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत आले. आक्कापाशी थांबले. तिचा तळवा त्यांनी उजेडाकडे वळवला, अंगठ्यावरून आपला अंगठा फिरवला. त्यांचेही हात मूळचे जाळं ओढलेले.

"ह्या मला कोनी सांगितला नाय," ते म्हणाले.

"आता सांगितला नव्हं का," आक्का म्हणाली.

"तेव्हा हॉलात का नाय बोललीस?"

"तेव्हा तुमी इचारलात. देवान इचारला नव्हता."

बाबाशेठ फादरांकडे वळले. "फादर, ह्या तुमचा काम."

"माझं फक्त 'व्हय म्हाराजा' होतं, शेठ," फादर म्हणाले.

ऊन पाण्याची घमेली त्याच आठवड्यात आली. मोजे यायला वेळ लागला, कारण या वेळी बायकांनी स्वतः घालून बघून निवडले. आक्काला सगळ्यांच्या आधी माल निवडायच्या टेबलावर घेतलं. सुपरवायझर महिनाभर तोंड पाडून होता. सगळंच काही झालं नाही, हेही लिहायला हवं. दुसऱ्या शेडवाल्यांनी आम्हाला दारातही उभं केलं नाही. खाणीवरच्या मुलांची बालवाडी आम्ही दोनदा काढली आणि दोनदा बंद पडली. त्याची रुखरुख मला आहे. फादरांनाही असावी, कारण फोन केला की अजून ते आधी खाणीवरच्या मुलांचं विचारतात, मग माझं. या माणसानं मला नोकरी दिली हे तर आहेच. पण शिकून मोठ्यानं बोलता येतं एवढंच मला ठाऊक होतं. गप्प कधी राहायचं, ते त्यांनी शिकवलं. कॉलेजात तो विषय नव्हता.

आक्काच्या अंगठ्याचं राहिलं. पुढे थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. रेशनच्या रांगेत अर्ध्या बायका आमच्या शेडच्या. सोबत म्हणून मी होते, आणि आक्काची पिशवी धरून फादर. दुकानदारानं फडक्यानं काच पुसली. आक्कानं पदराला अंगठा पुसला, त्यावर फुंकर घातली आणि ठेवला. मशीन विचार करत राहिलं. आक्का काचेकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती.

"लागला!" दुकानदार ओरडला, आणि पडद्यावरचं वाचू लागला, "शेवंती..." पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं.

"व्हय म्हाराजा!" मागून रांगेतून कोणीतरी म्हणालं, आणि अख्खी रांग हसली.

दुकानदार मापात तांदूळ भरायला लागला. फादरांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. पण आक्कानं मापावर हात ठेवला.

"थांब रे. तांदूळ खय पळतत? आधी ता नाव परत वाच."

त्यानं परत वाचलं. या वेळी मोठ्यानं.